वडगावात बहिरं कुणी नाही

मागाच्या वडगावात बहिरं कुणी नाही, असा शोध दोन हजार अडतीस साली पुण्याच्या एका यंत्राने लावला. तो कळवणारं पत्र वडगावच्या कर्णबधिर केंद्रात पोचलं तेव्हा तिथे अकरा बहिरी माणसं बसून चहा पीत होती.

पत्र मालन हावळने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मालन या केंद्राची संचालक. वय चौपन्न, कान ठणठणीत, पण आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. त्यामुळे तोंडाने बोबडं बोलायच्या आधीच तिचे हात बोलायला लागले होते. समोर जिनपाल मगदूम केंद्राचा पंखा उघडून बसला होता. जिनपालदादा एकसष्ट वर्षांचा, जन्मबहिरा, पेशाने जॉबर, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारा मिस्त्री. चोवीस वर्षांपूर्वी त्याने आणि मालनने मिळून हे केंद्र काढलं होतं. मालनचा चेहरा बघूनच त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"काय लिहिलंय?" त्याने हातांनी विचारलं.

"सहसंवाद न्यासाचं पत्र आहे, दादा. आपल्या भागात संवादाला अडथळा आढळला नाही. गरज शून्य. मार्चनंतर अनुदान बंद."

जिनपालने भोवतीच्या अकरा जणांकडे एकेक करून बघितलं. मग स्वतःचा कान धरून हलवून पाहिला. "म्हणजे आपण बरे झालो? मला कुणी सांगितलंच नाही!"

अकराच्या अकरा खो खो हसले. मालनला काही हसू येईना. अनुदानावर केंद्राच्या चार शिक्षिका होत्या. गावात बहिरं मूल जन्मलं की त्या त्याच्या घरी जायच्या आणि आईबापाला, आजीला, शेजारणीला त्या मुलाशी हातांनी बोलायला शिकवायच्या. भाषा शिकायला मेंदू पहिली चार-पाच वर्षं जितका मोकळा असतो तितका पुन्हा कधी होत नाही. त्या वर्षांत मुलाला कुठलीच भाषा मिळाली नाही, तर ते नुकसान जन्मभर पुरतं. सध्या अशी नऊ मुलं होती. सगळ्यात धाकटी चंदा, मागावर कामाला ओडिशाहून आलेल्या जोडप्याची तीन वर्षांची पोर. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती भूक लागली की जमिनीवर डोकं आपटायची, कारण भूक सांगायची कशी हेच तिला ठाऊक नव्हतं. आता कुठे ती 'दूध' म्हणायला शिकली होती. मार्चनंतर तिच्याकडे जाणार कोण?

आता, यंत्राला शिव्या घालणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर यंत्र वाईट नव्हतं. त्याच्याआधी अनुदान कसं वाटलं जायचं, विचारूच नका. वजनदार माणसाची चिठ्ठी आणायची, शेजारच्या शाळेतली मुलं उसनी आणून फोटो काढायचा, की झाली संस्था. या प्रकाराचा डॉ. रेवती गुर्जर नावाच्या एका शास्त्रज्ञ बाईंना वीट आला आणि त्यांनी एक साधा प्रश्न घेतला. दोन माणसं बोलत असताना एकाचं वाक्य संपल्यावर दुसरा किती वेळात सुरुवात करतो? सेकंदाच्या साधारण पाचव्या भागात. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मराठी असो, जपानी असो, नाहीतर हातांची भाषा असो, हे अंतर थोड्याफार फरकाने तेच. एवढ्याशा वेळात उत्तर जुळवणं शक्यच नाही. म्हणजे समोरच्याचं चालू असतानाच आपला मेंदू पुढचं वाक्य तयार करून ठेवतो. पण समजण्यात खोट आली, की हे अंतर ताणलं जातं. अर्धा सेकंद, एक सेकंद, दोन. भुवया आखडतात, नजर भरकटते, तेच वाक्य पुन्हा म्हटलं जातं. गुर्जरबाईंनी याला नाव दिलं, 'अडखळ'.

अडखळ मोजायला त्यांनी रुपयाएवढा एक बिल्ला बनवला. त्यात टाचणीच्या टोकाएवढे दोन कॅमेरे आणि एक माइक. तो शब्द साठवायचा नाही, चेहरा साठवायचा नाही. कुणाचे ओठ किंवा हात कधी हलले आणि मध्ये किती वेळ गेला, एवढंच टिपून पुण्याला पाठवायचा. भाषा कुठलीही चालायची, कारण त्याला भाषा कळतच नव्हती. बोलणं सुरळीत असेल तर बिल्ल्यावर हिरवा ठिपका, अडखळलं तर पिवळा, तुटलं तर लाल. हा ठिपका बाईंनी हट्टाने ठेवला होता; ज्याच्या छातीवर बिल्ला, त्याला यंत्राचं मत कळलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सहसंवाद न्यासाने हे बिल्ले गावोगावच्या बहिऱ्यांना महिनाभर लावायला दिले. जिथे अडखळ जास्त तिथे अनुदान जास्त. तीन वर्षांत बोगस संस्था धुऊन निघाल्या. बाईंचं करावं तेवढं कौतुक थोडंच होतं.

फक्त मागाचं वडगाव त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

वडगावं महाराष्ट्रात पैशाला पासरी, पण मागाचं वडगाव एकच. साडेतीन हजार यंत्रमाग, आणि शेडमध्ये असा खडखडाट की शेजारच्याने कानात ओरडलं तरी कळू नये. मागावर वीस वर्षं काढली की चांगल्या माणसाचा कान चाळिशीत जातो. तिथे जो तो हातानेच बोलतो. जिनपाल सतराव्या वर्षी शेडमध्ये लागला आणि जन्मात पहिल्यांदा त्याला चारचौघांसारखं वाटलं, कारण तिथे सगळेच बहिरे. पण पाळी संपून बाहेर पडला की तो पुन्हा 'मुका'. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, पोस्टात तो खुणा करायचा आणि समोरचा खांद्यावरून हात उडवून म्हणायचा, "जाऊ दे." ओठांवरून वाचायला तो सगळ्यात आधी शिकला ते हे दोन शब्द.

म्हणून त्याने आणि मालनने वर्ग भरवलेच नाहीत. त्यांनी काउंटर वाटून घेतले. एकेका बहिऱ्याने एकेक काउंटर धरायचा; रोज तिथे जायचं, सौदा घ्यायचा आणि जाताना एक खूण शिकवून यायची. रोज एक, जास्त नाही. कुणी खत-बियाण्याचं दुकान धरलं, कुणी बँक, कुणी न्हाव्याची टपरी. जिनपालने रशीद बागवानचा फळांचा गाडा धरला. नियम एकच, 'जाऊ दे' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने तीच गोष्ट तीनदा सांगायची. चोवीस वर्षं हे चाललं, आणि गाव असं झालं की न्हावी एका हातात कात्री धरून दुसऱ्या हाताने गावभरच्या भानगडी सांगायचा. मागावर कान गमावलेले म्हातारे पारावर बसून हातांनी भांडायचे. दवाखान्यातल्या नर्सबाई सुई टोचताना आधी हाताने विचारायच्या, 'दुखतंय का?'

तर अशा गावात बिल्ले महिनाभर फिरले आणि अहोरात्र हिरवे राहिले. यंत्राला वाटलं, इथे बहिरं कुणी नाहीच.

पत्रात तळाशी एक ओळ होती: हरकत असल्यास आठ दिवसांची फेरमोजणी मागता येईल. मालनने त्याच दिवशी ती मागितली आणि बिल्ले पुन्हा आले तशी गावाची बैठक बोलावली. तोडगा काढला रशीदने.

"ताई, लई सोपं हाय," तो म्हणाला. बोलता बोलता हातही चालूच होते. "आठ दिवस समद्यांनी येड्यागत करायचं. जिनपालदादानं हात हलवलं की आपण आपलं आभाळाकडं बगायचं. यंत्राला वाटलं पायजे, हितं लई हाल हायत."

लोकांना कल्पना भारीच आवडली. न्हावी म्हणाला, आपल्याला नाटकाचं अंग आहे. मालनने सगळ्यांकडे बघितलं, चंदाची आई तिला कडेवर घेऊन कोपऱ्यात उभी होती तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "करू या."

जिनपाल उठला. त्याचे हात एरवी मोजके चालायचे, आज सपासप चालले.

"चोवीस वर्षं मी या गावात खपलो, ते कुठल्याही काउंटरवर मला बावळटासारखं उभं राहायला लागू नये म्हणून. आता तूच म्हणतेस, जा, उभा राहा?"

"आठच दिवस, दादा. पोरांसाठी."

"पोरांना काय शिकवणार? पोट भरायचं असेल तर न कळल्याचं सोंग करा?"

"मग दुसरं काय करू ते सांगा ना! नुसतं तत्त्वाने चंदाला भाषा येणार आहे का?"

 जिनपाल बिल्ला लावून निघून गेला. चोवीस वर्षांत तो मालनशी न बोलता गेला, असं पहिल्यांदाच घडलं. तिला ते फार लागलं. पण केलेला बेत तिने मागे घेतला नाही.

आणि मग जी फजिती झाली ती काय सांगावी! पहिल्याच सकाळी नर्सबाईंनी खोटं खोटं तोंड फिरवलं, पण समोरच्याला खोकल्याची उबळ आलेली बघून न राहवून विचारलंच, 'किती दिवसांपासून?' बिल्ला हिरवा. न्हावी दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला, तर दाढी कशाने करणार? बँकेतल्या मुलीने डोळे मिटून घेतले आणि भुवयांनीच उत्तर देऊन टाकलं. ज्यांचे हात वीस वर्षं आपसूक बोलत होते त्यांना गप्प बसणं काही केल्या जमेना. दिवसभर सगळं गाव उचललेले हात अर्ध्यावरून खाली ओढत होतं.

दुसऱ्या दिवशी जिनपाल रशीदच्या गाड्यापाशी आला. मालन रस्त्यापलीकडून बघत होती. जिनपालने रोजच्यासारखी खूण केली, दोन केळी. रशीदचा हात उचलला गेला. त्याने तो मागे ओढला, मान वर केली आणि आभाळाकडे बघत राहिला.

ठिपका पिवळा झाला. बेत जमला होता.

जिनपालने पुन्हा खूण केली नाही. तो रशीदकडे नुसता बघत राहिला. रशीदच्या निकाहात हा माणूस वाढायला होता. मग जिनपालने मान खाली घातली आणि केळी न घेताच वळला.  त्या पाठमोऱ्या माणसाला बघून, आपण हे काय करून बसलो, असं मालनला झालं.

रशीद कसाबसा वीस पावलं थांबला असेल. मग गाडा तसाच टाकून, केळ्याची अख्खी फणी हातात घेऊन धावत सुटला. जिनपालला आडवा जाऊन त्याने फणी त्याच्या बगलेत कोंबली आणि दोन्ही हातांनी सांगू लागला, "चुकलं दादा, चुकलं! आपल्याच्यानं न्हाई होत हे. घाला चुलीत ते अनुदान!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात थांबत नव्हते. जिनपालच्या छातीवरचा ठिपका हिरवागार झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी केंद्राच्या दारात एक गाडी थांबली. आतून उतरल्या त्या साठीच्या, काटकुळ्या, मनगटावर दोन घड्याळं बांधलेल्या बाई.

"मी रेवती गुर्जर. माझं यंत्र बिघडलंय का ते बघायला आलेय."

त्यांनी मालनसमोर एक आलेख ठेवला. "हे बघा. तुमच्याकडचे बिल्ले काल-परवा मधूनच पिवळे झाले. पण एक गंमत आहे. प्रश्न कळला नाही तर माणसाचा हात हलत नाही. इथे प्रत्येक वेळी समोरच्याचा हात सेकंदाच्या पाचव्या भागात उचलला गेलाय आणि मग मागे ओढलाय. सगळ्या राज्यात असा आलेख मी पाहिलेला नाही. हे न कळणं नाही. हे कळलेलं दाबून धरणं आहे."

मालनने आढेवेढे घेतले नाहीत. "सोंग होतं, मॅडम. बेत रशीदचा, पण हो मी म्हणाले. काय असेल तो दोष माझा. जिनपालदादा पहिल्यापासून नको म्हणत होते."

"हे मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहा. खरं आहे ते."

गुर्जरबाई लगेच परत जाणार होत्या. पण गावातून एक चक्कर मारू म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत फिरतच राहिल्या. न्हाव्याच्या टपरीत बाकावर बसून तासभर त्यांनी ऐकणाऱ्यांच्या आणि बहिऱ्यांच्या गप्पा पाहिल्या. कोण ऐकणारं आणि कोण बहिरं हे त्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. रशीदने त्यांना 'पुन्हा सांगा' ही खूण शिकवली, आणि रोज एकच, असं बजावून दुसरी शिकवायला साफ नकार दिला. जाताना जिनपालने त्यांना नाव दिलं. बहिऱ्यांमध्ये प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, डोळ्यांना आधी जे दिसेल त्यावरून पडलेलं. ते मागून मिळत नाही आणि एकदा पडलं की बदलत नाही. मालनचं नाव, भुवईवरच्या व्रणावर टेकवलेलं बोट. जिनपालचं, पाना फिरवणारी मूठ. बाईंचं नाव पडलं, मनगटावर दोनदा टकटक.

बाई गाडीत बसता बसता थांबल्या. "मी अडखळ मोजायचं यंत्र बनवलं," त्या म्हणाल्या. "ती रोज कोण दूर करतंय हे मोजावं, असं मला सुचलंच नाही. पण नियम माझ्या हातात नाही, मालनताई. न्यासाची समिती गुरुवारी बसते. तुम्ही दोघंही या. आणि मगदूमांना बिल्ला लावूनच येऊ द्या. आठ दिवस अजून संपलेले नाहीत."

गुरुवारी सकाळच्या गाडीने दोघं पुण्याला निघाली. कराड मागे पडेपर्यंत जिनपाल खिडकीबाहेर बघत होता. मग तो वळला.

"माझ्यावर रागावलात अजून?" मालनने विचारलं.

"संपला राग. एक मागायचंय. आज मी बोलेन तेव्हा तू सांगायचं नाहीस. हात हलवायचा नाही, तोंड उघडायचं नाही. मी खूण करेपर्यंत."

"अहो, मग त्यांना कळणार कसं?"

"नाही कळणार. तेच बघू दे त्यांना."

"दादा, पोरांचं सगळं आजच्यावर आहे. मी गप्प बसले आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"गावात तू लोकांना खोटं गप्प बसायला सांगितलंस. मी तुला खरं गप्प बसायला सांगतोय."

मालन पाच वर्षांची होती तेव्हा आईच्या पोटात कुठे दुखतंय हे डॉक्टरांना तिनेच सांगितलं होतं. त्या दिवसापासून बहिरं माणूस बोलतंय आणि ती गप्प आहे, असं कधी झालंच नव्हतं. हे आपल्याला झेपेल का, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

समितीची खोली थंडगार होती. लांबलचक टेबल, पलीकडे पाच जण, मधोमध अध्यक्ष उपेंद्र मिराशी. माणूस भला, निवृत्तीनंतर एक पैसा न घेता हे काम करायचा. भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर ऐकणाऱ्यांचं बोलणं अक्षरांत उमटायचं आणि खुणा करणाऱ्यांचं बोलणं कॅमेऱ्याने ओळखून भाषांतर व्हायचं. या पडद्याचा न्यासाला मोठा अभिमान होता.

गुर्जरबाईंनी अहवाल वाचला. सोंगाचा भागही वाचला. मिराशींच्या कपाळाला आठी पडली. "हे गंभीर आहे. बोला, मगदूम. तुमचं काय म्हणणं आहे?"

जिनपाल उभा राहिला आणि बोलू लागला. वडगावची भाषा ती. शहरातल्या खुणा अर्ध्या, बाकीच्या मागाच्या शेडमध्ये जन्मलेल्या. पडद्यावर अक्षरं उमटली: 'घर… खूण अनोळखी… खूण अनोळखी… केळ… खूण अनोळखी.'

मिराशींनी मालनकडे बघितलं. "काय म्हणतायत ते?"

मालनने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. जिनपाल काय म्हणतोय ते तिला शब्दन् शब्द कळत होतं. तो चंदाबद्दल सांगत होता; इतकं चांगलं, इतकं नेमकं, की ते तसंच्या तसं त्यांच्या कानांवर घालावं म्हणून तिची बोटं तळमळत होती. 

"मला नका विचारू, साहेब," ती एवढंच म्हणाली. "त्यांना विचारा."

मिराशी जिनपालकडे वळले, पडद्याकडे बघितलं, पुन्हा जिनपालकडे. "जरा… सावकाश?" ठिपका पिवळा झाला. जिनपालने पहिल्यापासून सांगितलं. पडद्याने पुन्हा तेच दळण दळलं. कुणीतरी घड्याळ बघितलं. कुणी कागद चाळू लागलं. मालनचे ओठ हलले. तिने ते दातांत धरले.

शेवटी मिराशींनी खांद्यावरून हात उडवला. "जाऊ दे. पुढचा विषय घ्या."

ते पडद्यावर उमटायच्या आधीच जिनपालने ओठांवरून वाचलं. तो थांबला. छातीवरचा बिल्ला काढून त्याने तो अलगद टेबलावर, अध्यक्षांच्या बरोब्बर पुढ्यात ठेवला.

ठिपका लालभडक होता.

 मग गुर्जरबाई म्हणाल्या, "वडगावच्या चाळीस बिल्ल्यांवर सबंध मोजणीत एकदाही लाल ठिपका लागला नव्हता, मिराशीसाहेब. सोंग करूनही नाही. आज पहिल्यांदा लागला. बहिऱ्यांना मदत कुणी द्यायची हे ठरवणाऱ्या खोलीत लागला."

मिराशींचा चेहरा उतरला. त्या लाल ठिपक्याकडे ते बघतच राहिले. "मी काय करायला हवं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

गुर्जरबाईंनी त्यांना येत असलेली एकुलती एक खूण करून दाखवली. मिराशी उठले, टेबलाला वळसा घालून जिनपालसमोर आले आणि ती खूण केली. वाकडीतिकडी, दोन बोटं चुकलेली. पण जिनपालला कळली. 'पुन्हा सांगा.'

टेबलावरचा ठिपका लालचा पिवळा झाला. जिनपालने मालनकडे बघून मान हलवली.

मालनने हात मोकळे केले आणि तिचा आवाज असा फुटला की तिलाच नवल वाटलं. जिनपाल सांगत गेला, ती बोलत गेली.

"चंदा नावाची पोर आहे. भूक लागली की जमिनीवर डोकं आपटायची. परवा मंगळवारी तिने रशीदच्या गाड्यापाशी हाताने केळ मागितलं. आणि केळ खाऊन झाल्यावर म्हणाली, 'अजून.' साहेब, ज्या पोरीला 'अजून' म्हणता येतं, तिला पुढे सगळं मागता येईल. तुम्ही म्हणता, वडगावात अडखळ नाही. नाही, कारण आम्ही रोज काढतो. घर झाडून स्वच्छ दिसतंय म्हणून घरातली केरसुणी उचलून नेणार का? दरवर्षी नवी मुलं जन्मतात. दरवर्षी मागावर नवे कान जातात. उद्या आम्ही थांबलो, तर दहा वर्षांनी तुमचं यंत्र आमच्या गावात लाल होईल, आणि मग तुम्ही अनुदान द्याल. तेव्हा चंदा तेरा वर्षांची असेल. तेव्हा काय उपयोग?"

सोंगाबद्दल समितीने केंद्राला ताकीद दिली. ती मालनने खाली मान घालून घेतली. अनुदान बंद झालं नाही. गुर्जरबाईंनी आपल्या यंत्राचं गणित नव्याने मांडायला घेतलं: किती अडखळतं एवढंच मोजायचं नाही, अडखळ कुठे कमी झाली आणि कुणी केली हेही मोजायचं. आणि मिराशींनी स्वतःहून एक अट घातली. समितीच्या पाचही जणांनी वडगावात जाऊन आठ दिवस राहायचं. रोज एक खूण.

एप्रिलात ते आले. दुसऱ्या दिवशी मिराशी खुशीत मालनकडे आले. "मालनताई, मला नाव पडलं म्हणे! सगळे मला बघून असं करतात." आणि त्यांनी खांद्यावरून हात उडवून दाखवला. "याचा अर्थ काय हो?"

मालनला क्षणभर वाटलं, सांगू नये. पण वडगावात तसं चालत नाही. "साहेब, त्या दिवशी दादांचं बोलणं कळलं नाही तेव्हा तुम्ही असा हात उडवलात. 'जाऊ दे' म्हणालात. ते नाव आहे."

मिराशी कानापर्यंत लाल झाले. "बदलता नाही येत?"

"नाही, साहेब."

ते रशीदच्या गाड्याकडे निघाले. त्यांना तो काउंटर मिळाला होता. गाड्यापाशी चंदा आईचं बोट धरून उभी होती. साहेबांना बघून तिने त्यांची पँट ओढली आणि हाताने काहीतरी म्हणाली. मिराशींना कळलं नाही. त्यांचा हात सवयीने वर गेला, खांद्यापर्यंत पोचला, आणि तिथेच थांबला. त्यांनी तो खाली घेतला, गुडघे मोडून पोरीसमोर उकिडवे बसले आणि दोन बोटं चुकवत खूण केली: पुन्हा सांग.

चंदाने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा सांगताना ती चांगलीच वैतागली.

रशीदने केळ केव्हाच सोलून हातात धरलं होतं. पण त्याने ते दिलं नाही. साहेबांना कळेपर्यंत तो थांबला.